बाहेरचा स्क्रू

प्रिय योरिस,

मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला सुखरूप घरी पोहोचले. अँटवर्पला गाडी बदलताना थोडी धावपळ झाली, पण एका कॉलेजच्या मुलीनं माझी बॅग उचलून दिली. घर जागेवर आहे. ओडील रोज येऊन कोंबड्यांना दाणे टाकत होता. किल्ली परत देताना म्हणाला, "लीवे, तुझ्या कोंबड्या तुझ्यावरच गेल्यात, माझं एक ऐकतील तर शपथ." मी हसले नाही, म्हणून तो जरा बावरला आणि कॉफी न घेताच गेला. तूही ग्रोनिंगेनच्या स्टेशनवर मला विचारलंस, "आई, काही बिनसलंय का? कालपासून गप्प आहेस." मी म्हटलं, दमलेय. मी दमले नव्हते, योरिस. भ्याले होते, आणि अजून भ्यालेलीच आहे. अक्षर असं वाकडंतिकडं आलंय ते त्यामुळे. तब्येतीची काळजी करू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर हे सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच माझी समजूत घालायला लागशील आणि मी ती घालू देईन. कागदावर तसं होणार नाही.

ज्या रविवारबद्दल आपण दोघं सात वर्षांत एकदाही धड बोललो नाही, त्याबद्दल लिहायचंय. पण सुरुवात त्याच्या आधीच्या डिसेंबरपासून करायला हवी. बाबा मागच्या अंगणात लाकडं रचत होते आणि एकदम पायरीवर बसले. चेहरा पिठासारखा पांढरा. दोन दिवसांनी त्यांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली, हे तुला माहीत आहे. तुला हे माहीत नाही की दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून काय सांगितलं. त्या म्हणाल्या, "सायकल सोडू नका. पण जोर लावायचा नाही. शेजारच्याशी गप्पा मारता येतील, इतक्याच वेगानं चालवायची. धाप लागली की उतरायचं." बाबांनी शाळकरी मुलासारखी मान हलवली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "गप्पा मारता येतील इतका वेग म्हणजे काय ग? मी तसाही कुठे बोलतो." आणि मग, स्टिअरिंगवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता, "योरिसला यातलं सगळं सांगत बसू नकोस." मी कबूल केलं. तिथून माझी भीती सुरू झाली. त्याआधी मी भित्री नव्हते. रोन्सेच्या कारखान्यात तीस वर्षं शिलाईची मशीन चालवली, एकदा सुई बोटातून आरपार गेली तेव्हाही ओरडले नव्हते. पण त्या डिसेंबरनंतर बाबा जिना चढायला लागले की मी खालून पायऱ्या मोजायची. बाथरूममध्ये जास्त वेळ लागला की काहीतरी निमित्त काढून दारावर टकटक करायची.

फेब्रुवारीत ते पुन्हा दर रविवारी सायकल क्लबबरोबर जायला लागले. रविवारची सकाळ मला कशी जायची ते कोणाला सांगितलं नाही. बटाटे सोलायला घ्यायची आणि सोलून झाल्यावर लक्षात यायचं की दोघांपुरते नाही, दहा जणांचे सोललेत. वरच्या रस्त्यानं भोंगा वाजवत अँब्युलन्स गेली की हात धुऊन, कोट घालून दाराशी उभी राहायची. कोणीतरी आता मला न्यायला येईल म्हणून. साडेबाराला ते घरी यायचे, गाल लाल, डोळे चमकत असायचे. मी विचारायची, "हळू चालवलीस ना, विल्फ्रीड?" ते म्हणायचे, "गोगलगाईनं मागे टाकलं मला." मग एका रविवारी क्लबमधून परतताना ओडील त्यांच्याबरोबर सूप प्यायला आला आणि भाबडेपणानं सगळं बोलून गेला. म्हणाला, "लीवे, आज तू बघायला हवं होतंस. शेल्ड नदीच्या काठाला या म्हाताऱ्यानं चेन मोठ्या चक्रावर टाकली आणि चाळिशीतल्या पोरांना असं मागे सोडलं की ती अजून नदीकाठीच असतील." बाबांनी टेबलाखालून त्याला लाथ मारली. मी ती पाहिली. ओडीलला वाईट वाटू नये म्हणून मी त्याला आणखी सूप वाढलं. पण "मोठं चक्र" हे दोन शब्द माझ्या डोक्यात अडकले ते अडकलेच.

आता तो शनिवार. तू गेंटहून एकटाच आला होतास, हिल्के लहानग्या फेन्नेला घेऊन माहेरी गेली होती. बाबा आठवडाभर तक्रार करत होते की पुढचे गिअर नीट पडत नाहीत, चेन लोखंडाला घासून खरखर करते. तू सायकल थेट स्वयंपाकघरात आणलीस, कारण गॅरेजमध्ये थंडी होती. मी खाली वर्तमानपत्रं पसरली. तू सायकल स्टँडवर चढवलीस, जुनी तार काढलीस, नवी घातलीस. मला म्हणालास, "आई, पायडल फिरवत राहा, थांबू नकोस." मी ओट्याजवळच्या लाकडी स्टुलावर बसून हातानं पायडल फिरवत होते आणि तू हँडलवरची कळ दाबून चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेत होतास. पुन्हा पुन्हा. मोठ्या चक्राच्या दात्यांवर आणि त्या ढकलणाऱ्या पट्टीत नाण्याच्या जाडीएवढी फट हवी, असं म्हणत तू खरंच खिशातून नाणं काढून लावून बघितलंस. बाबा खुर्चीत बसून चेष्टा करत होते, "त्या डॉक्टरीणबाईंनी मला इतका वेळ दिला नव्हता." तू त्यांना सांगत होतास, हे दोन स्क्रू बघा, एक चेनला बाहेर किती जाऊ द्यायचं ते ठरवतो, दुसरा आत किती येऊ द्यायचं ते. बाहेरचं मोठं चक्र वेगासाठी, आतलं लहान चढासाठी. स्क्रू आवळला की चेनची वाट तिथेच बंद. मी ऐकत होते. बाबांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होते. तू शेवटी चेन मोठ्या चक्रावर ठेवलीस, हात पुसलेस आणि म्हणालास, "झालं. आता याला कोणीही हात लावायचा नाही." नंतर अंगणात मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, बाबांना जरा हळू चालवायला सांग. आठवतं? तू म्हणालास, "आई, तू त्यांना उगाच घाबरवू नकोस. सायकलीवर असतात तेवढा वेळच ते माणसांत असतात." तुझं चुकलं नव्हतं. तुला मी निम्मंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुला ओडीलच्या तोंडून कळलं, मलाही तसंच. नदीकाठचा सपाट रस्ता संपून ते देवळीच्या चढणीला लागले. दगडी फरसबंदी, ओली. बाबांनी कळ दाबली, चेन लहान चक्रावर उतरेना. पुन्हा दाबली, पुन्हा नाही. ओडील त्यांच्या मागेच होता. तो ओरडला, "उतर विल्फ्रीड, चालत जाऊ." बाबा म्हणाले, "चाळीस वर्षांत इथे कधी उतरलो नाही." आणि पायडलवर उभे राहून, त्या मोठ्या चक्रावर, अख्खी चढण चढले. वर देवळीपाशी त्यांनी पाय टेकला, सायकल गवतात आडवी ठेवली, हेल्मेट काढलं आणि भिंतीला टेकून बसले. ओडीलला वाटलं, दम खातायत. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली तेव्हा त्यांनी ती घेतली नाही. मी घरी बटाटे सोलत होते. यावेळी अँब्युलन्सचा भोंगा मला ऐकूच आला नाही, ती दुसऱ्या बाजूनं गेली.

सोमवारी ओडीलनं सायकल आणून दिली. आपण तिघं स्वयंपाकघरात होतो. तो टोपी हातात धरून म्हणाला, "लहान चक्रावर चेन उतरतच नव्हती. किती वेळा प्रयत्न केला त्यानं." तू म्हणालास, "शक्यच नाही. मी परवाच लावलाय." तू गॅरेजमध्ये गेलास. मी तुझ्या मागे आले नाही, ओट्याला घट्ट धरून उभी राहिले. बऱ्याच वेळानं तू आलास. तुझी बोटं काळी झाली होती. म्हणालास, "चेनला आत येऊ देणारा स्क्रू पार शेवटपर्यंत आवळलेला आहे. मी असा आवळला नव्हता. निदान मला तसं आठवत नाही." मग माझ्याकडे बघून विचारलंस, "आई, बाबांनी नंतर हात लावला होता का त्याला?" आणि मी म्हणाले, "नाही. ते सायकलीकडे फिरकलेसुद्धा नाहीत." तू खुर्चीत बसलास. "म्हणजे मीच. बोलण्याच्या नादात मीच पिळत गेलो असेन." ओडील म्हणाला, अरे पोरा, त्याचं हृदयच तसं होतं, हे जिन्यावरही झालं असतं. डॉक्टरीणबाईसुद्धा नंतर तेच म्हणाल्या. पण तू काही ऐकत नव्हतास. मी तुझ्यापुढे कॉफीचा कप ठेवला आणि म्हटलं, गरम आहे, पिऊन घे.

मी खोटं बोलले नव्हते, योरिस. बाबांनी हात लावला नव्हता. मी लावला होता.

रविवारी सकाळी बाबा दाढी करत होते. वरून रेडिओचा आवाज येत होता. मी शिलाई मशीनच्या खणातला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि गॅरेजमध्ये गेले. माझ्या डोक्यात एवढंच होतं, मोठ्या चक्राची वाट बंद करायची. चेन एकदा खाली आली की परत वर चढणार नाही, मग विल्फ्रीड नदीकाठी उडायचा नाही, क्लबच्या मागे मागे निमूट येईल, वैतागेल, दुपारी तुला फोन करून शिव्या घालेल, पण घरी येईल. दोन स्क्रू होते, एक फ्रेमच्या बाजूला, एक बाहेरच्या बाजूला. शेजारी काहीतरी बारीक अक्षरं होती, पण ती मळानं भरलेली होती आणि मी चष्मा वर विसरले होते. मला वाटलं, बाहेरचा स्क्रू बाहेरच्या चक्रासाठी असणार. कारखान्यातल्या माझ्या मशीनवर तसंच असायचं. मी तो आवळला. तीन आटे, आणखी थोडा, अगदी फिरेनासा होईपर्यंत. बाहेरून काहीच हललं नाही. त्याचं मला नवल वाटलं, पण पायडल फिरवून बघायची हिंमत झाली नाही. आवाज झाला असता. तेवढ्यात रेडिओ बंद झाला आणि मी पळत आत आले, हात साबणानं दोनदा धुतले. बाबा खाली आले, ब्रेडला लोणी लावताना म्हणाले, "कसला वास येतोय ग, तेलाचा?" मी म्हटलं, कालचा असेल. मग त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, कधी नव्हे ते, आणि गेले. तो बाहेरचा स्क्रू निघाला आतल्या, लहान चक्राचा. ज्या चक्रापासून मी त्यांना वाचवायला निघाले होते, त्याच चक्रावर मी त्यांना जखडून त्या चढणीवर पाठवलं.

तू म्हणशील, त्या सोमवारी का बोलली नाहीस. मी स्वतःला हजारदा विचारलंय. पहिल्या क्षणी तू बाबांबद्दल विचारलंस आणि मी तेवढ्याचंच उत्तर दिलं. दुसऱ्या क्षणी तू "मीच" म्हणालास आणि माझ्या मनात जे आलं ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं. एक क्षणभर. तू तरुण आहेस, तुला हिल्के आहे, मूल आहे, तू यातून उभा राहशील, असं मी मनाशी म्हटलं. मी उभी राहू शकणार नाही आणि मला आता कोणी नाही, तूही माझं तोंड बघणार नाहीस, याची मला इतकी भीती वाटली की मी कॉफी ओतली. अंत्यविधी होऊ दे, मग सांगू. ईस्टर होऊ दे. मग तू ती सायकल ओडीलला भंगारात टाकायला सांगितलीस. मग तू तुझीही विकलीस. पुढच्या वर्षी तुम्ही ग्रोनिंगेनला गेलात, आणि सगळ्यांना वाटलं हिल्केच्या आईवडिलांसाठी गेलात. मला माहीत होतं तू जिथे एकही चढ नाही अशा गावी का गेलास. सगळं गाव सायकलीवर आणि तू तेवढा रोज पाऊण तास चालत कामाला जातोस. दरवर्षी मला वाटायचं, आता उशीर झाला, आता सांगितलं तर आणखी वाईट. प्रत्येक वर्षानं ते आणखी वाईट होतही गेलं. तू दर ख्रिसमसला येतोस, चर्चनंतर बाबांच्या कबरीपाशी माझ्याहून मागे, दोन पावलं मागे उभा राहतोस, जणू तुला पुढे यायचा हक्क नाही. मी मागे वळून बघत नाही. बघितलं तर माझ्या चेहऱ्यावर तुला सगळं दिसेल, असं मला वाटतं.

आणि आता या सोमवारची, तुमच्या घरची दुपार. तू कामावर होतास, हिल्के बाजारात. फेन्नेनं तिची नवी सायकल, मैत्रिणीच्या भावाकडून घेतलेली ती गिअरवाली, मागच्या अंगणात आणली. शेजारच्यांकडून मागून आणलेला स्टँड, मोबाईलवर कोणीतरी समजावून सांगणारा व्हिडिओ. मला म्हणाली, "आजी, जरा पायडल फिरव ना, पुढची चेन घासतेय." मी बसले आणि फिरवायला लागले. बोटं तुझीच आहेत तिची, लांब, नेमकी. अकराव्या वर्षी इतक्या शांतपणे काम करणारं मूल मी पाहिलं नाही. तिनं फट बरोबर केली, तार ओढून बांधली, खरखर थांबली. आणि मग चेन दोनदा खालीवर करून बघितल्यावर ती एकदम थांबली. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाली, "मी यावर बसू का, आजी?" मी म्हटलं, का नाही? ती म्हणाली, "पप्पांनी लावलेल्या सायकलीवर आजोबा मेले ना. पप्पा आईला सांगत होते, मी ऐकलं. ते म्हणाले माझे हात चांगले नाहीत. सगळे म्हणतात माझे हात पप्पांसारखे आहेत." तिनं ते हात माझ्यापुढे धरले, काळे झालेले, आणि विचारलं, "खरंय का ते?" ती खरोखर घाबरली होती, योरिस. आणि मी, एकाहत्तर वर्षांची बाई, पुन्हा गप्प राहिले. म्हटलं, जा, हात धुऊन ये, थंडी वाजेल. तिनं सायकल शेडमध्ये ठेवली, कडी लावली आणि दुसऱ्या दिवशी शाळेला चालत गेली. म्हणून हे पत्र. तुझ्या हातांत काही खोट नव्हती. तू लावलेला गिअर अगदी बरोबर होता, मी स्वतः पायडल फिरवून पाहिला होता. मला तू क्षमा करशील की नाही, मला ख्रिसमसला बोलावशील की नाही, याची भीती वाटते, खूप वाटते, पण त्याचं उत्तर आज नको. हे वाचून झालं की आधी फेन्नेला जवळ बसवून सगळं सांग, माझं नाव घेऊन सांग, काही झाकू नकोस. माझ्यावर रागवायला तुला पुढे वेळ आहे.

तुझीच,
आई